कोरी सुई

माझ्या बायकोला गजरे ओवताना सुई टोचली की तिथे हमखास फोड पिकायचा. आई म्हणायची, “सुई गंजलीय, नवी आन.” मी नालासोपाऱ्याहून नवं पाकीट आणायचो. दोन वर्षांत सात पाकिटं झाली. मग बायकोच्या तोंडात जखमा झाल्या, पायांवर गाठी आल्या, डोळे लाल राहू लागले. चौथ्या डॉक्टरांनी सीलबंद सुई उघडून तिच्या हातावर टोचली. “परवा दाखवा. इथे फोड आला, तर आजार सापडला.” दोन दिवस आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी तो पिकला. डॉक्टर म्हणाले, “रक्तवाहिन्यांचा आणि त्वचेचा दुर्मीळ आजार आहे. औषधांनी दबेल, जाणार नाही.” आमच्या गास गावी परतल्यावर आईला सगळं समजावलं. तिने सुनेचा हात मांडीवर घेतला, फोडाभोवती बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “डॉक्टरची पन सुई गंजलेलीच असनार.”