आपोआप माफी

निवृत्त नर्स कुमुद तांबट दोन वर्षांनी धीर करून शिरोडकरांच्या दारात उभ्या राहिल्या.

“माफी मागायला आलेय.”

शिरोडकर हसले. “अहो, तुमच्या फोनने तेव्हाच मागितली असेल. माझ्या फोनने लगेच माफ केलंही असेल. हल्ली स्वतः कोण मागतं?”

“कशाबद्दल होती, ते वाचलंत?”

“नाही बुवा. रोज शेकडो येतात.”

कुमुदताई म्हणाल्या, “तुमच्या लेकीला चुकीचं इंजेक्शन मी दिलं. तिला ऐकू येईनासं झालं, ते त्यामुळेच.”

शिरोडकरांचं हसू विरलं. जिन्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, “निघा इथून. पुन्हा तोंड दाखवू नका.”

कुमुदताई रडत एकट्याच जिना उतरल्या. त्यांची चूक आज पहिल्यांदाच कुणालातरी चूक वाटली होती.