एका माणसापुरती बाटली

“ही बाटली कधी फोडली?” बाईंनी नर्सला विचारलं.

आत्ताच, तुमच्या डोळ्यांदेखत, असं नर्स म्हणाली. तरी बाईंनी चष्मा नाकावर ओढून बाटली उजेडात धरली. अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नसे, आकडे मात्र येत. तारीख बघूनच परत दिली.

कमरेतल्या इंजेक्शनसाठी पलंगावर पालथे पडलेले म्हातारे डॉक्टर हसले. “यांना उलट बोलू नका. अठ्ठावीस वर्षं माझा दवाखाना यांनीच चालवला. मी नुसता सहीपुरता.”

कंबर धरली होती डॉक्टरांची, तोंड चालू होतं बाईंचं. डॉक्टरांना मागंपुढं कोणी नाही. डबा बाईच पोचवत, दुखण्याखुपण्याला बाईच धावत. सून नाक मुरडून म्हणायची, स्वतःच्या सासूचं तरी एवढं केलं होतं का. बाई म्हणायच्या, सासूनं पगार कुठे दिला होता.

नर्सनं समजावलं, ह्या औषधात जंतू रोखणारं काही नसतं, म्हणून एक बाटली एकाच माणसाला. उरलेलं फेकायचं.

आमच्या वेळी एका बाटलीत दहा कमरा सरळ व्हायच्या, असं बाई पुटपुटल्या, आणि तो दवाखाना त्यांच्यापुढे उभा राहिला. स्टोव्हवर उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजांची किणकिण. स्पिरिटचा वास. बाकावर हमाल, धोबीण, शिंपी, एकमेकांच्या पाठीची विचारपूस करत बसलेले. डॉक्टर टोचता टोचता अशी काही गंमत सांगायचे, की माणूस ओरडायचं विसरून जाई.

त्याच बाकावरचा शिंपी इंजेक्शननंतर महिन्याच्या आत गेला. मणक्यात पू झाला होता. चौकशीत काही सापडलं नाही, पण डॉक्टरांनी दोष अंगावर घेतला आणि दवाखान्याला कुलूप लावलं. त्याला बावीस वर्षं झाली.

नर्स इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. डॉक्टरांनी नेहमीचाच प्रश्न काढला.

“बाई, त्या शिंप्याच्या वेळी मी हात नीट धुतले होते ना?”

एरवी जिभेला हाड नसलेल्या बाई आज अडखळल्या. खरं सांगितलं तर उद्यापासून हा माणूस आपल्या हातचं जेवणार नाही. नाही सांगितलं तर हे ओझं घेऊनच जाईल.

“तुम्ही धुतले होते,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. सारखं बूच टोचायला नको म्हणून मी बाटलीत एक सुई तशीच उभी ठेवायची. दिवसभर. आत जंतू मारायचं औषध आहे, काय होतंय, असं वाटायचं. चौकशीवाले आले तेव्हा बघते तर सुई नाही. कुठं गेली, देव जाणे.”

डॉक्टरांनी उशीवरची मान बाईंकडे वळवली.

“ते यायच्या आधी मीच काढली होती, बाई.”