कप्तान वादळेचं मरण

“कप्तान वादळेला मारा आता. तीस चित्रपट पुरे झाले,” पुढच्या चित्रपटाची कथा मताने ठरवणाऱ्या चाहता मंडळाच्या सभेत भार्गवराव म्हणाले. “हिच्याशिवाय एकट्याने बघवत नाही मला.”

“मला विचारलंत?” टेबलावरच्या डबीतून त्यांच्या पत्नी सुनंदाबाई कडाडल्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. पण ज्याचं मन डबीत उतरवलंय, त्या सभासदाचं मत मंडळात चालायचं.

“अगं, डबीला डोळे कुठे आहेत? बघणार कशी?”

“तुम्ही शेजारी बसून सांगाल तशी. वादळे जगणार!”

भार्गवरावांचं धरून बाकीची मतं समसमान पडली होती. सुनंदाबाईंच्या मताने वादळे वाचला. भार्गवराव हरले, तरी डबी खिशात ठेवताना खुदकन हसले.

“हसताय काय?” खिशातून आवाज आला. “मध्यंतरानंतर घोरायचं आधी बंद करा. मला शेवट कोण सांगणार?”