रविवारचे पाहुणे

कॅथलीन नवऱ्याचा दंड धरून व्हर्नेलच्या स्वयंपाकघरात आली, तेव्हा व्हर्नेलची म्हातारी आई अर्लीन चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. कॅथलीन आणि व्हर्नेलची ओळख दवाखान्यातली. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस घरी सांभाळणारे तिथे महिन्यातून एकदा जमत. दोघीही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन शहरातच वाढलेल्या, पण काळ्यांच्या या वस्तीत कॅथलीन प्रथमच येत होती.

"डॉनला घरी एकटं ठेवता येईना," ती ओशाळून म्हणाली.

"बरं केलंस. आमच्याकडे एकटं कुणी नसतंच," व्हर्नेल म्हणाली. बाहेरच्या खोलीत तिचा भाऊ आणि चर्चमधल्या दोन मावश्या पत्त्यांवरून भांडत होत्या.

गोरा माणूस दारात पाहून अर्लीन लगबगीने उठली. उभं तारुण्य तिने गोऱ्यांच्या घरी रांधण्यात घालवलं होतं. अ‍ॅप्रनला हात पुसत तिने मान खाली घातली.

"साहेब, पान वाढू आपलं?"

आई आज लेकीचं नाव विसरली होती, त्याचं व्हर्नेलला काही वाटलं नव्हतं. हे मात्र सोसवेना.

"आई, अगं..."

अर्लीनने मान वर केली. डॉनच्या शर्टाकडे पाहिलं.

"बटणं वर-खाली लावलीस की रे! ये इकडे."

तिने एकेक बटण सोडून नीट लावलं आणि शेंगांची परात त्याच्यापुढे सरकवली.

"बस आता. फुकट जेवायला मिळत नाही इथे."

डॉन बसला. शेंग सोलू लागला. कॅथलीन बघतच राहिली.

"घरी साधा चमचा उचलत नाही गं. मुलं लांबून फोन करतात, कुठल्या तरी संस्थेत ठेव म्हणतात. तुला कसं जमतं हे सगळं?"

"पाठ माझीही मोडते. पण आमच्या काळ्या म्हाताऱ्यांना तेव्हा कोणती संस्था घेत होती? घरीच सांभाळायची सवय लागली."

बोलत बोलत व्हर्नेलने मक्याची भाकर ओव्हनमध्ये सरकवली. वळून पाहते तो कॅथलीन खुर्चीतच, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपलेली.

व्हर्नेलने बाहेर डोकावून पत्तेवाल्यांना दटावलं, "हळू भांडा जरा!"