नातीचे पेढे

देवळातला मुकुट चोरल्याच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या सुमनबाई नवं लुगडं नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन पोलीस ठाण्यात आल्या.

“सुटल्याचे पेढे का, आजी?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई. नात झाली.”

“मग बर्फी आणायची. पेढे मुलाचे असतात.”

“आमच्या घरात पोरीचेच. साहेब, मी तर सुटले. मग डीएनएसाठी घेतलेलं माझं रगत अजून सरकारजवळ काहून?”

“असू द्या की रेकॉर्डला. चोरी केली नाही, तर तुम्हाला काय तकलीफ?”

“मला काय न्हाई. पण त्या रगतात माझी नात बी हाय. जलमायच्या आधीच तुमी तिला संशयितांत नेऊन बसवलं. उद्या तिचं बारसं हाय.” सुमनबाईंनी पदर सावरला. “तिला सोडवून न्यायला आलेय.”