वळणावरचा आवाज

पक्षाघातानंतर हिम्मतरावांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला आता काही कळत नाही, असं सगळेच धरून चालले, बायको त्रिवेणीसुद्धा. गाडी तीच चालवायची. स्टिअरिंग वळवलं की पुढून खाडकन आवाज येई. मेकॅनिकनं खालचे भाग बदलले, तरी आवाज तसाच. नल्लकुंट्याच्या गॅरेजात शेवटी हिम्मतराव स्वतःच गाडीतून उतरले. चाकामागच्या स्प्रिंगवर डावा हात ठेवून त्यांनी त्रिवेणीला मानेनं स्टिअरिंग फिरवायला खुणावलं. स्प्रिंग अडकून हाताखाली उसळली. त्यांनी स्प्रिंगच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. स्प्रिंग ज्यावर फिरते ते तिथलं बेरिंग मेकॅनिकनं काढलं. गंजून जाम झालेलं. "अम्मा, साब सही बोले!" तो म्हणाला. नवं बेरिंग बसलं. निघताना तिनं कितीतरी महिन्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, सरळ घरी, की सुलतान बाजारातून?" त्यांनी बाजाराचा रस्ता दाखवला.