तेरावा भाग

"आलं का चित्र?" अन्वरचाचांनी चौथ्यांदा विचारलं.

"येईल, चाचा. धीर धरा."

"पेशंट वाचंल ना, डॉक्टर?"

मनीष हसला. कोळवणला चाचांच्या घरात दोघंच होते. व्हीसीआर मनीषनेच आणला होता. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली. ती इंच इंच पुसण्यात त्याचा अख्खा रविवार गेला होता.

कॅसेटमध्ये 'ध्रुवयान'चा तेरावा भाग असणार होता. पस्तीस वर्षांपूर्वी ही अंतराळातली मालिका टीव्हीवर लागायची. शेवटचा भाग एकदाच दाखवला, मग त्याची मूळ टेपच हरवली. आजही त्या मालिकेवर जीव टाकणारे बेचाळीस जण एका ग्रुपवर होते. ग्रुप मनीष चालवायचा. हिंजवडीत चार वर्षं काढून त्याला नावाने हाक मारणारे तेवढेच. पण भेटलं कुणीच नव्हतं. तेरावा भाग मिळाला की सगळे पुण्यात जमणार, असं ठरलेलं. आणि परवा ग्रुपवर चाचांचा मेसेज आला होता: 'तेरावा भाग माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जा.'

स्क्रीन खरखरली. चित्र धरलं.

मांडव. लाल ओढणीतली नवरी कॅमेऱ्याकडे बघून खुदकन हसली आणि तोंड झाकून आत पळाली.

मनीषने फीत पुढे पळवली. जेवणाच्या पंगती. अजून पुढे. फुलं लावलेली जीप. शेवटपर्यंत लग्नच.

त्याने फीत मागे नेऊन पुन्हा लावली. "चाचा, चुकून दुसरीच कॅसेट दिलीत."

"न्हाई. हीच ती."

"अहो, तिकडे सगळे वाट बघतायत! मी काय सांगू त्यांना?"

चाचा सरकत टीव्हीपाशी गेले. "मैमुना हाय ती, माझी घरवाली. जाऊन तीन वर्सं झाली. फोटो लई हायेत, पर फोटोत ती पळत न्हाई. पुण्यापातुर दुकानं हिंडलो. बुरशी बघून समदे म्हणले, फेकून द्या. ह्ये काम तुमच्यासारखी येडी माणसंच करत्यात."

"मग खरं सांगायचं होतं ना! मी आलो असतो."

चाचांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"सांगितलं व्हतं की. दिवाळीत, तुमच्याच ग्रुपवर. तुमीच लिवलं, मनीषभाऊ, 'काका, इथे फक्त ध्रुवयानबद्दल बोला.'"